सायलीची पाठराखीण

१२ जानेवारी, रविवार

सायलीचं लग्न ठरलं. मला आनंद झाला आहे, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं वाद नको.

आईचा फोन नेमका धारेच्या वेळेला आला. लग्न होऊन मला वीस वर्षं झाली, पण त्या वेळी माझे दोन्ही हात गाईच्या सडाला असतात हे आईच्या ध्यानात येत नाही. फोन खांद्यात धरून ऐकलं. मुलगा नेदरलँडचा, नाव योस्ट. लग्न तिकडंच, एप्रिलअखेर. "त्योच गं, तुज्या गोठ्यात आल्ता त्यो," आई म्हणाली.

तोच. दोन वर्षांपूर्वी आमच्या दूध संघानं गाईंची वाढलेली खुरं कशी छाटायची ते शिकवायला एक उंच माणूस आणला होता. आमच्या काष्टीत त्यानं पहिला गोठा बघितला तो माझा. चांदणीचा पाय त्यानं मांडीवर घेतला तर तिनं शेपूटसुद्धा हलवली नाही, आणि मला ती रोज एक तरी लाथ मारते. चहा मी केला, त्यानं दुसरा कप मागून घेतला. मला इंग्रजी येत नाही म्हणून मीच धाकट्या बहिणीला पुण्याहून बोलावलं होतं. सायली डेअरीचं शिकलेली, पशुखाद्याच्या कंपनीत नोकरीला. म्हटलं, पाहुण्याशी बोलायला कुणीतरी हवं. झालं बोलायला!

आज चांदणीनं दूध चोरलं, पान्हाच सोडला नाही. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, तिला विचारा.

१५ जानेवारी

ही डायरी संकलन केंद्रानं दिलेली. गाय कधी भरवली, कधी विणार, हे लिहायला. पण मला पोटातलं कुठंतरी ओकायचं आहे.

योस्ट यायच्या आदल्या वर्षी संघानं नेदरलँडला न्यायला दहा बायका निवडल्या होत्या. आमच्या गावातून मी. नगरला जाऊन पासपोर्ट काढला. फोटोत माझे डोळे चोरासारखे आले होते, तरी मी तो सगळ्यांना दाखवत फिरले. निघायच्या आठवडाभर आधी सासूबाई मोरीत पडल्या, खुबा मोडला. राहिलं जायचं. माझ्या जागी दुसऱ्या गावची एक बाई गेली. पवनचक्कीपुढचा तिचा फोटो अजून तिच्या व्हॉट्सअ‍ॅपला आहे. मी रोज बघते.

पासपोर्ट पेटीत शालूखाली आहे. सगळी पानं कोरी.

म्हणजे नेदरलँड माझं होतं. लहानपणी शेणाला हात लावायची वेळ आली की सायली पोट दुखतं म्हणून निजायची. शेणाचे हात माझे, आणि देश तिला मिळाला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज माहेरी, श्रीगोंद्याच्या वस्तीवर, घर बघायचा कार्यक्रम झाला. मुलाचं घर बघितल्याशिवाय मुलगी द्यायची नाही ही आमची रीत, आणि मुलगा समुद्रापलीकडचा. मग फोन टीव्हीला जोडला आणि सगळे चटईवर बसले. मधोमध चुलते, कारभारी नाना. सोयरीक कुणाचीही असो, प्रश्न तेच विचारतात.

"पाव्हणं, आधी हीर दावा," नाना म्हणाले.

सायलीनं इंग्रजीत सांगितलं. योस्टनं फोन फिरवला. विहीर नाही, घरासमोरूनच काठोकाठ पाणी वाहतंय.

"आयला, दारात कॅनॉल!" नाना उठूनच उभे राहिले. "अन् आवर्तन कधी सुटतं?"

"ते कायम भरलेलंच असतं, नाना."

नाना खाली बसले. आमच्याकडं पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेत. त्यानंतर त्यांनी एकच विचारलं, जनावरं किती? योस्टनं गोठा दाखवला. गाईच गाई, सगळ्या चांदणीच्या बहिणी. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. म्हटलं, जा बाई सातासमुद्रापार, तिथंही शेणच आहे! तेवढ्यात त्यानं धारा काढणारं यंत्र दाखवलं. गाय आपण होऊन आत जाते, यंत्र आपण होऊन सड शोधतं. माणूस लागतच नाही. मी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर वडील, म्हणजे अण्णा, बोलत होते. अण्णा कमी बोलतात, म्हणून सगळे ऐकतात. "पोरगं बरं हाय. पर लेक एकटी सासरी जायाची न्हाई. पाठराखीण बरुबर गेली तरच पाठवीन."

आमच्याकडं नवरीबरोबर पाठराखीण जातेच. चार-पाच दिवस नवरीजवळ राहते, तिचा जीव रमला की मुलाकडचे पाठराखणीला लुगडं नेसवून परत पाठवतात. माझ्या लग्नात सायलीच आली होती, नऊ वर्षांची. पाचव्या दिवशी अण्णा तिला न्यायला आले तर बया कडब्याच्या गंजीमागं लपून बसली. महिनाभर राहिली, शाळा बुडवली. सासूबाई तिला गुळाचा खडा द्यायच्या, त्याची चटक लागली होती. दुसऱ्याच्या घरातलं गोड तिला तेव्हापासून बरोबर कळतं.

"आमची निकिता जाईल की," नाना म्हणाले. निकिता त्यांची मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरवर कामाला. "पासपोर्ट हाय, इंग्रजी हाय."

मी ट्रे घेऊन उभी होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच कपाकडं बघितलं. पासपोर्ट आणखी कुणाकडं आहे, हे एकालाही आठवलं नाही. मी पण सांगितलं नाही. माझं काय अडलंय?

९ फेब्रुवारी

सायली आली होती. तिकडची भाषा शिकून परीक्षा पास झाली, आता चांदणीशी त्या भाषेत बोलते. चांदणी कान टवकारून ऐकते. गाय पण फितूर.

तिच्यासाठी मुद्दाम गुळाचा चहा केला, तर अर्धा कप तसाच ठेवला. आता बाईसाहेबांना गोऱ्यांचा चहा लागणार.

गाईंना कुट्टी टाकता टाकता म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. योस्टचं आधी एक लग्न झालंय. चार वर्षांपूर्वी मोडलं. मूलबाळ नाही. अण्णांना मीच सांगणार आहे, फक्त नाना नसताना. तोवर तुझ्यापाशी ठेव."

म्हटलं, ठेवते. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिच्या केसांना कसल्यातरी भारी शाम्पूचा वास होता.

१६ फेब्रुवारी

निकितानं जाड जाकीट घेतलं. लाल. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्याखाली आईनं सुद्धा फुलं पाठवली. आईला फुलं पाठवता येतात हे मला आजच कळलं.

माझी लेक संस्कृती दहावीचा अभ्यास सोडून म्हणाली, "आई, तू मावशीवर जळतीस का गं?" म्हटलं, भूमिती कर. तर हसली. हो, जळते! तिच्यावर जळते, जाकिटावर जळते, त्या आपोआप चालणाऱ्या यंत्रावरही जळते.

१ मार्च, शनिवार

काष्टीचा बाजार. पेंड आणायला गेले होते, नाना भेटले. चार माणसांत उभे, परदेशची सोयरीक रंगवून सांगत होते. मला बघून म्हणाले, "आमची निकिताच जानार. तिथं शिकल्याली पोर लागती. गोठ्यातली बाई न्हिऊन काय करायचं, का गं ज्ञानेश्वरी?" चौघंही हसले.

माझ्या तोंडून निघालं, "नाना, पाव्हण्याच्या पहिल्या बायकोबरुबर पाठराखीण कोण गेल्ती, तेवढं इचारून घ्या मग."

हसणं थांबलं. नानांचं तोंड उघडं ते उघडंच. मी पेंडीचं पोतं टेम्पोत टाकलं आणि घरी आले. वाटेत पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. दौंड रोड ओलांडला तेव्हा आठवलं, हे सायलीनं माझ्यापाशी ठेवायला दिलं होतं.

३ मार्च

अण्णांनी लग्न मोडलं. "बिजवराला लेक द्यायची न्हाई. अन् लपवून तर न्हाईच न्हाई." एवढंच बोलले आणि उसाला पाणी द्यायला गेले.

नानांनी माझं नाव घेतलं नाही. बाजारात कानावर आलं, एवढंच म्हणाले. का, कोण जाणे. घरात सगळ्यांनी धरलं की निकितानंच बापाला सांगितलं असणार, ती आणि सायली पुण्यात एकत्र राहतात. निकिता फोनवर रडत होती म्हणे. ती आता पाठराखीण म्हणून जाणार नाही, आणि जायचं तरी कुठं, लग्नच नाही.

आईनं हे सगळं मला फोनवर सांगितलं. मी नुसतं "अगं बाई" म्हणाले. खोटं बोलले नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी त्या लाल जाकिटाचंच डोक्यात आलं. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

८ मार्च

सायली रजा घेऊन वस्तीवर आली आहे. जेवत नाही म्हणे. माझ्याकडं आली नाही, फोन नाही. माझी जेवणं नीट चालू आहेत. पण ताटात काय होतं ते आठवत नाही.

१३ मार्च, होळी

आईनं पुरणपोळ्या दिल्या होत्या, त्या घेऊन सायली आली. डबा ओट्यावर ठेवला आणि थेट गोठ्यात आली. कधी नव्हे ते खोरं घेऊन शेण ओढायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "निकितानं असं करायला नको हुतं."

"निकिताला ठाऊकच नव्हतं, ताई." खोरं थांबलं नाही. "मी तुला एकटीलाच सांगितलं होतं."



"मग घरी बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? अण्णांच्या मनातून तुला उतरवू? मी गेल्यावर त्यांना तूच आहेस."

मी म्हटलं, मला कुणी विचारलं नाही. पासपोर्ट माझ्याकडंही होता. निकिता, निकिता चाललं होतं सगळ्यांचं. बोलता बोलता मी ओरडायलाच लागले. चांदणी बिचकून मागं सरली.

सायलीनं खोरं भिंतीला टेकवलं. "पहिल्याच दिवशी मी आईला म्हटलं, ताई येईल माझ्याबरोबर. आई म्हणाली, तिला विचारू नकोस. मागच्या वेळी जाणं राहिलं तर ती महिनाभर कुणाशी नीट बोलली नव्हती. तिच्या सासरी परत नाही म्हणाले, तर पोरीचं काय व्हायचं? तू आम्हाला दाखवत नाहीस, पण आईला समजतं गं."

मला इतका राग आला. मला न विचारता माझी काळजी करतात म्हणजे काय? पण तो राग धरून ठेवायला जागाच सापडेना. मी गोठ्यात उभ्याउभ्या रडले, आणि जिचं लग्न मी मोडलं तीच माझी पाठ थोपटत होती. तिच्या हाताचं शेण लागलं माझ्या ब्लाऊजला.

१६ मार्च, रविवार

काल ह्यांना सांगितलं. सगळंच. मग विचारलं, लग्न परत जमलं आणि मी पाठराखीण म्हणून गेले तर?

"जा की," हे म्हणाले.

"अन् मागच्या टायमाला?"

"मागच्या टायमाला तू इचारलंच न्हाईस. आई पडली अन् तू सौताच बॅग सोडलीस. मी म्हनलं, तुलाच जायाचं नसंल."

तीन वर्षं मी ह्या माणसाला जेवण आदळून वाढते आहे.

आज सकाळी वस्तीवर गेले. अण्णा आणि नाना ओसरीवर होते. उभ्यानंच सांगितलं, "अण्णा, निकितानं न्हाई, मी सांगितलं. बाजारात. जळले म्हणून सांगितलं." नाना खाली बघून म्हणाले, "मी पन तिला चार लोकांत टोचून बोललो हुतो, दादा." मग निकिताला फोन केला. ती म्हणाली, ताई, दोन आठवडे मला कुणी विश्वासानं हाक मारली नाही. ऐकून घेतलं.

अण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पयली बायकू का गेली?"

"तुमीच इचारा त्याला," मी म्हटलं आणि सायलीला फोन लावायला लावला. योस्ट गोठ्यातच होता. अण्णांनी विचारलं, सायलीनं सांगितलं, त्यानं टोपी काढून उत्तर दिलं. लपवायचं नव्हतं, तुमच्यासमोर बसून सांगणार होतो. तिला गाईंमध्ये राहणं जमलं नाही, शहरात गेली. मी तिला दोष देत नाही.

"शेणाला कटाळली व्हय," अण्णा म्हणाले. मग सायलीकडं बघून, "अन् तू? पोट दुखतं म्हनून निजायचीस की तू."

"आता नाही दुखत, अण्णा."

अण्णांच्या मिशीत काहीतरी हललं. उठले, फेटा डोक्यावर ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं. "हिनं बिघडवलंय, हीच पोचवंल. पाठराखीण ही."

शिक्षा म्हणून दिलं त्यांनी. मी पण मान खाली घालूनच घेतलं.

१७ एप्रिल

व्हिसा आला. कोरं पान भरलं. संस्कृती मला परत परत तो ठसा दाखवायला लावते, आणि मीही दाखवते.

सासूबाई म्हणाल्या, "लुगडं घ्यून ये पाठराखनीचं. मोकळ्या हातानं येऊ नगंस." त्यांचा खुबा आता बरा आहे. मी आजवर त्यांना हे विचारलंच नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

इथं येऊन तीन दिवस झाले. सगळं हिरवं आहे आणि कुणालाच त्याचं नवल नाही.

आज गाई हिवाळ्यानंतर पहिल्यांदा रानात सोडल्या. एवढाली धिप्पाड जनावरं वासरासारखी उड्या मारत पळाली. बघायला गावातली माणसं आली होती. मला चांदणीची आठवण आली. तिचा दोर कधी एवढा सुटलाच नाही. गेल्यावर तिला थोडा वेळ तरी मोकळं सोडणार आहे. ह्यांना वेड्यासारखं वाटलं तरी चालेल.

यंत्र जवळून बघितलं. एका गाईचा सड त्याला सापडेना, नुसतं चाचपत होतं. मी हात घालून लावून दिलं. योस्ट हसला. मला जरा बरं वाटलं.

३० एप्रिल

लग्न झालं. ऑफिसात, खुर्चीवर बसून. अंतरपाट नाही, अक्षता मीच पर्समधून नेल्या होत्या, त्या टाकल्या. मुंडावळ्या बांधायला योस्टला गुडघ्यावर बसावं लागलं. सायली माझ्या शालूत होती. तिला माझ्यापेक्षा चांगला दिसला. दिसू दे.

घरी आल्यावर तिच्या सासूला सायलीनं पाठराखणीची रीत समजावून सांगितली. त्या बाईंनी विचार केला, आत गेल्या आणि माझ्यासाठी गोठ्यात घालायचे गुडघ्यापर्यंतचे नवे बूट घेऊन आल्या. लुगड्याच्या जागी. दोन्ही हातांनी दिले, म्हणून मी पण वाकून घेतले.

६ मे, विमानतळ

विमानाला वेळ आहे. योस्ट सोडून गेला. सायलीला मीच येऊ नको म्हटलं.

सकाळी बॅग भरली. योस्टनं गाडी काढली. सायली माझ्या वाटेसाठी पोळ्या लाटत होती, मान वर करत नव्हती. मी म्हटलं, गाईंना हात लावून येते. गोठ्यामागं पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गवताचे गठ्ठे रचलेत. कशी गेले मलाच कळलं नाही, त्यांच्यामागं जाऊन खाली बसले. एकोणचाळीस वर्षांची बाई, प्रवासाची साडी नेसून. अंगणातून योस्ट हाका मारत होता, "ताई! ताई!" मी तोंडावर पदर दाबला आणि ओ दिली नाही.

सायलीनं बरोबर शोधलं. पिठाच्या हातांनी शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "तवा तू गुळासाठी लपली न्हवतीस व्हय गं?"

"गूळ मला कधीच आवडला नाही, ताई. तू रोज चुलीपुढं रडायचीस. मला वाटायचं, मी गेले तर तुझ्याजवळ कोण बसणार?"

वीस वर्षं मी तिच्यावर गुळाचा आळ घेतला.

ती नऊ वर्षांची होती, तिला महिनाभर राहता आलं. माझी चांदणी विणार आहे, संस्कृतीचा निकाल आहे, हे एकटे धारा काढून थकलेत. सायलीनं हात दिला, मी उठले, गाडीत बसले. मागं वळून बघितलं तर ती दारात उभी होती, आणि तिच्या सासूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

जाकिटाचा झाला नाही, यंत्राचा झाला नाही, एवढा हेवा मला त्या हाताचा वाटला.